मिलिंदच्या ओळी

मिलिंद,

माणूस ऑफिस सोडून गेला की मागे काय काय आवरायचं, याची यादी मीच केलेली. एकवीस कामं होती. लॅपटॉप परत घेणे, दाराचं कार्ड जमा करणे, मेल बंद करणे, पासवर्ड बदलणे, त्याने अर्धवट ठेवलेला कोड बघून निकालात काढणे. तू ती यादी वाचलीस आणि म्हणालास, "यादीबाई, एक राहिलं. जाणाऱ्याला चहा पाजणे." मी ते बाविसावं काम म्हणून खरंच टाकलं. आजवर जो जो गेला त्याला पाजला.

गेल्या सोमवारी ती यादी तुझ्या नावाने उघडली. वर एक रकाना आहे, 'सोडण्याचं कारण'. पर्याय चार. नवी नोकरी, शिक्षण, घरगुती, इतर. मी 'इतर' निवडलं. मग लॅपटॉप मिटला आणि समोरच्या टॉवरवर दोरीला लटकून काचा पुसणारी माणसं बघत बसले. ऑफिसच्या वेळेत. तू असतास तर घड्याळ दाखवलं असतंस.

हे लिहायला सुजाताने सांगितलंय. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळं आटोपल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "नीलिमा, तेवीस वर्षं संसार केला, पण हा माणूस दिवसभर काय करायचा ते मला धड कळलं नाही. विचारलं की म्हणायचा, लेबलं लावतो. तू लिही ना मला समजेल असं." म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही इथे येतील. कंटाळू नकोस. मीही फार दमले आहे, पण काम अंगावर घेतलंय ते पुरं करते.

आपण लॅबच्या रिपोर्टांचं सॉफ्टवेअर करतो. परळ-दादरच्या गल्ल्यांतल्या छोट्या लॅब, जिथे सकाळी उपाशी पोटी जाऊन रक्त द्यायचं आणि संध्याकाळी कागद घ्यायचा, त्यांचा तो कागद आपल्याकडून निघतो. त्याच्या पोटात तू लिहिलेला एक भाग आहे. तो तपासणीचा आकडा घेतो, आकडा बरा की वाईट ते ठरवतो, आणि आकडा नसेल तर का नाही ते सांगतो. हा भाग आता नागपूरची टीम सांभाळणार. दुसऱ्याचा कोड वापरताना आतली प्रत्येक ओळ वाचत बसायला लागू नये, म्हणून सोबत एक फाइल देतात. तिला टाइप डिक्लरेशन म्हणतात. आत काय घालायचं आणि बाहेर काय येणार, एवढंच तिच्यात असतं. सुजाताला सांगायचं तर, रक्ताच्या नळीवरचं लेबल. तू खोटं बोलत नव्हतास. लेबलंच लावत होतास.

तू मूळचा लॅबमधला. कॉम्प्युटर शिकण्याआधी सहा वर्षं परळच्या एका लॅबमध्ये नळ्या हाताळल्यास. लेबल नसलेली नळी आली की रक्त कितीही ताजं असो, फेकून देतात, हे पहिल्यांदा तुझ्याकडून ऐकलं. म्हणून तुला वाटायचं की लेबल माणसाने हाताने लिहावं. मी म्हणायचे, मशीनला काढू दे.

ह्यात चूक माझी नव्हती, हे आजही म्हणते. तू डिक्लरेशनची फाइल हाताने लिहायचास. सुंदर लिहायचास. पण तू किंवा मी आतला कोड बदलायचो आणि ती फाइल तशीच राहायची. दोनदा असं झालं. लेबल जुनं, रक्त नवं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी चिडले.

"हे मशीन करतं मिलिंद. बिल्ड करताना एक प्लगइन लावायचा, कोड बदलला की डिक्लरेशन आपोआप बदलतं. जगभर असंच करतात."

"करत असतील."

"मग आपण का नाही करायचं?"

"छापील लेबलवर नाव, वय, नंबर असतो," तू म्हणालास. "पण 'नस मिळत नाही, डाव्या हातातून घ्या' हे कोणीतरी पेनानेच लिहितं बाई. ते मशीन कुठून आणणार?"

आठ दिवस आपण ह्यावर भांडलो. चहाच्या टपरीवर भांडलो, जिन्यात भांडलो. शेवटी तूच वाट काढलीस. लेबल मशीनने छापायचं, पण तुझी पेनाची ओळ त्याच्यावर राहिली पाहिजे. म्हणजे कोडमध्ये प्रत्येक तपासणीच्या, प्रत्येक प्रकाराच्या नावाच्या डोक्यावर तू एक दोन ओळी लिहिणार, आणि प्लगइन डिक्लरेशन काढेल तेव्हा त्या ओळीही सोबत बाहेर येणार. नागपूरच्या माणसाने त्या नावावर नुसता माउस नेला की तिथल्या तिथे चौकट उघडून तुझं म्हणणं दिसणार. मी म्हटलं, चालेल.

चार महिने तू ते लिहीत होतास. एकशे अठरा नावं. जुना सगळा कोड नव्या पद्धतीने बसवता बसवता, प्रत्येकाच्या डोक्यावर ओळी. मराठीत. मी म्हटलं, इंग्रजीत लिही की. म्हणालास, "नागपूरला काय मराठी बंद झाली?" मी त्या ओळी वाचल्या नाहीत. तुझं काम तपासताना मी फक्त नावं आणि प्रकार बघायचे. तुझी वाक्यं मी गाळून वाचायची, ही मला वर्षानुवर्षांची सवय होती.

प्लगइन बसवायचं काम माझ्याकडे होतं. चार दिवस लागले. पहिल्या दिवशी त्याने आपल्या चाचण्यांच्या फाइलींचीसुद्धा डिक्लरेशनं काढली, ती वगळायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी सगळं एका फोल्डरच्या आतल्या फोल्डरात जाऊन बसलं. तिसऱ्या दिवशी आपण आपल्यापुरती ठेवलेली फाइलींची टोपणनावं जशीच्या तशी बाहेर आली, नागपूरला ती कुठल्या फाइलींची ते कळणारच नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी एकच फाइल निघाली, स्वच्छ, आटोपशीर. मी डायरीत टिक केली आणि तुला बोलावलं.

तू खुर्ची ओढून बसलास. फाइल वरून खाली नेलीस, खालून वर आणलीस.

"मस्त," म्हणालास. "पण माझ्या ओळी कुठायत गं?"

नव्हत्या. एकही नव्हती. एकशे अठरा नावं होती, प्रत्येकाला नेमका प्रकार होता, आणि डोकी बोडकी.

"प्लगइनचं काहीतरी असेल," मी म्हटलं. "बघते."

"तू बघशील?"

"म्हटलं ना बघते."

ती तुझी शेवटची विनंती होती, हे त्या सोमवारी कोणाला माहीत होतं? मी डायरीत लिहिलं, 'मिलिंदच्या ओळी'. माझ्या डायरीत तीन खुणा असतात. झालं त्याला टिक. रद्द त्याला काट. आज जमलं नाही, उद्यावर, त्याला बाण. त्या दिवशी संध्याकाळी बाण काढला. दुसऱ्या दिवशीही. हस्तांतराच्या यादीत त्रेचाळीस कामं होती, आणि ओळी आल्या नाहीत म्हणून काही अडत नव्हतं. कोड चालत होता. नागपूर खूश होतं. तुझ्या ओळी हे शोभेचं काम वाटलं मला. तोरण नंतर लावू, आधी भिंती उभ्या करू.

हे अर्धंच कारण झालं. दुसरं अर्धं म्हणजे त्याच आठवड्यात आपलं दुसरं भांडण सुरू झालं आणि मी तुझ्यावर रागावले होते.

ते भांडण रिकाम्या जागेचं. रिपोर्टमध्ये आकड्याची जागा रिकामी असेल तर ती का रिकामी आहे? माझं अगदी सुरुवातीच्या वर्षांत म्हणणं होतं, रिकामं ते रिकामं. तुझं म्हणणं, रिकाम्याचे तीन प्रकार आहेत. तपासणी सांगितलीच नव्हती, म्हणून केली नाही. सांगितली होती पण करता आली नाही, रक्ताची गुठळी झाली, नमुना कमी पडला. आणि तिसरं, केली आहे पण निकाल यायचाय. हे तिन्ही एकाच कोऱ्या चौकोनात कोंबलेस तर डॉक्टर चुकेल, म्हणालास. मला पटलं. तीन प्रकार ठेवले. वर्षानुवर्षं ते तीनच होते.

आता हस्तांतराच्या तोंडावर तू म्हणालास, चौथा घालू या.

"चौथा कुठला?"

"करता आली असती, पण केली नाही."

मी हसले. तू हसला नाहीस. मग टपरीच्या बाकावर बसून तू मला ते सांगितलंस, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तू लॅबमध्ये असताना एका म्हातारीची नळी रॅकमध्ये मागच्या ओळीत राहून गेली. कोणी मुद्दाम केलं नाही. दिवस संपला, रक्त वाया गेलं. वरिष्ठांनी सांगितलं, 'नमुना अपुरा' लिही. तू लिहिलंस. दोन दिवसांनी म्हातारी पुन्हा आली, शिवडीहून चालत. तूच पुन्हा सुई लावलीस. नस मिळेना. तीन जागी टोचलंस. आणि ती तुलाच म्हणाली, "माझ्याच अंगात रक्त कमी रे बाबा, तुला किती त्रास."

"तिला वाटलं तिचीच चूक," तू म्हणालास. "मी कागदावर तसंच लिहिलं होतं ना."

त्यावर मी जे बोलले ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. "मिलिंद, अरे पण कुठली लॅब स्वतःच्या रिपोर्टवर असं छापेल? एक गिऱ्हाईक राहायचं नाही आपलं."

"छापू नकोत. पण आत नाव तर असू दे. नाव असलं की निदान आत तरी खरं लिहिता येईल. आत्ता खरं लिहायला जागाच नाहीये."

"हस्तांतर तोंडावर आलंय. आता नवीन काही नाही."

"बरं," तू म्हणालास, आणि ग्लास ठेवून वर गेलास. चहा अर्धा टाकून. तू चहा टाकत नाहीस.

त्यानंतरचे दोन आठवडे आपण कामापुरतं बोललो. मला वाटत होतं, तू उगाच धरून बसला आहेस. तुला काय वाटत होतं ते माहीत नाही. विचारलं नाही.

तू धरून बसणारा माणूस नव्हतास, हे मला माहीत असायला हवं होतं. आपण एकत्र काम करायला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी सहा डिसेंबरला नव्या आवृत्तीचं रिलीज लावलं. तू काही बोलला नाहीस. आदल्या दिवशी सगळं दोनदा तपासलंस आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवलास. काय बिघडलं तर काय करायचं त्याच्या बारा पायऱ्या, आणि खाली, 'उद्या मी शिवाजी पार्कला असेन. फोन खिशात असेल पण गर्दीत ऐकू येणार नाही.' मी लालबागला जन्मले, लालबागलाच राहते. त्या दिवशी दादरचे रस्ते का भरतात हे मला ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू? ठाऊक होतं. माझ्या कॅलेंडरात नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की पहिली नोंद तीच करते. आपण त्यावर कधी बोललो नाही. पण पुढच्या वर्षी ती नोंद तुझ्या स्क्रीनवर दिसली तेव्हा तू मान वर न करता म्हणालास, "यादीबाई, अक्षर सुधारलंय तुमचं." कॅलेंडर कॉम्प्युटरवरचं होतं.

उलट गणपतीत तू मला सोडायचा नाहीस. "काय नीलिमाबाई, तुमच्याच देवाने तुमचीच गल्ली बंद केली? स्वतःच्या घरात शिरायला आधार कार्ड दाखवता म्हणे?" त्या दहा दिवसांत मला चारलाच निघावं लागायचं. माझं उरलेलं काम तू करायचास आणि दुसऱ्या दिवशी मोबदला म्हणून आमच्या गल्लीतल्या डंखावर कुटलेला मसाला मागायचास. सुजाताला वाटायचं मी हौसेने पाठवते. सुजाता, तो मसाला तुझ्या नवऱ्याची मजुरी होती.

गुरुवारी सकाळी तिचाच फोन आला. तू ऑफिसला निघायच्या तयारीत होतास. शर्टाची दोन बटणं लावून झाली होती. एवढंच लिहिते. बाकीचं ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे.

मी बाण आदल्या संध्याकाळी काढून ठेवते. त्यामुळे त्या गुरुवारच्या पानावर, मी फोन घेतला तेव्हा, चौथ्या ओळीत तुझं नाव आधीच लिहिलेलं होतं. 'मिलिंदच्या ओळी'.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी सुजाताला फोन करून विचारलं, काय आणू, काय लागतं तुमच्यात, सांग, यादी करते. ती म्हणाली, "काही नको गं. मेणबत्त्या आहेत, फुलं आहेत. तू ये फक्त." मला 'ये फक्त' हे काम जमत नाही, तुला माहीत आहे. तरी पाण्याचे दोन बॉक्स नेलेच. पांढरी साडी नेसून मागच्या रांगेत बसले. त्रिशरण, पंचशील झालं. मग लोक एकेक उठून तुझ्याबद्दल बोलले. तुमच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, नायगावात कोणाचाही रक्ताचा कागद आला की डॉक्टरच्या आधी मिलिंदकडे. तो वाचून सांगायचा, घाबरू नका, हा चौकोन कोरा आहे म्हणजे वाईट नाही, निकाल यायचाय. कितीजणांनी माना डोलावल्या. मला बोला म्हणाले तेव्हा मी नको म्हटलं. मला तुझ्याबद्दल खूप माहिती होती, पण ती सगळी कामाच्या क्रमाने होती.

आता मंगळवारचं सांगते. यादीतलं चौदावं काम, अर्धवट कोड निकालात काढणे. तू स्वतःच्या मशीनवरून तीन वेगळ्या शाखा ठेवल्या होत्यास, मुख्य कोडमध्ये न मिसळलेल्या. पहिल्या दोन जुन्या होत्या, बंद केल्या. तिसरीचं नाव 'ओळी'.

तिच्यात एकाच ओळीचा बदल होता. प्लगइनमध्ये नाही. प्लगइन निर्दोष होता. आपल्या सगळ्या प्रोजेक्टांची जी एक मूळ सेटिंगची फाइल आहे, जिच्यावरून बाकीच्या फाइली आपापली सेटिंगं उचलतात, तिच्यात. तिथे एक सेटिंग होतं, कोडवरच्या टिपा, म्हणजे अशाच ओळी, काढून टाकाव्यात का? उत्तर, हो. ते मी लिहिलेलं होतं. शेजारी माझीच सूचना होती, 'हे बदलू नये. नी.'

कधी लिहिलं ते लगेच आठवलं. सुजाता, हे तू ऐकलं नसशील. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एक लॅब एका हट्टी डॉक्टरांची होती. त्यांना रिपोर्टवर प्रत्येक आकड्यापुढे बाण हवा होता, नॉर्मल असला तरी. मिलिंदने तो दिला आणि कोडमध्ये वर टीप लिहिली, 'हा डॉक्टरसाहेबांचा हट्ट. विज्ञानाशी संबंध नाही.' तेव्हा आमच्या टिपा गिऱ्हाइकाला दिलेल्या फाइलीतही जायच्या. डॉक्टरांच्या पुतण्याने ती वाचली. पुढच्या मीटिंगला डॉक्टर ती कागदावर छापून घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "हे साहित्य कोणाचं?"

मिलिंद, तू उठून उभा राहिलास. "माझं, सर. शुद्धलेखन तपासून घ्यायचं राहिलं."

डॉक्टर हसले. मी हसले नाही. त्याच दुपारी ते सेटिंग टाकलं आणि शेजारी दटावणी लिहिली. तुझी वाक्यं बाहेर जाता कामा नयेत, असा कायमचा बंदोबस्त केला आणि विसरले. मी विसरत नाही अशी माझी ख्याती आहे. मी जे बंद करून ठेवते ते विसरते, असं दिसतंय.

तर तुझ्या शाखेत तू त्या 'हो'चं 'नाही' केलं होतंस. आणि सोबत लिहिलं होतंस, 'कारण सापडलं. हे बदललं की ओळी येतात. नीलिमा हो म्हणाली की घालायचं.'

त्याखालची वेळ मी तीनदा वाचली. त्या सोमवारची, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तुला फाइल दाखवली त्यानंतर तू आपल्या टेबलावर गेलास आणि अर्ध्या तासात कारण शोधलंस, असंच मी आधी धरलं. मग डायरी काढली. मी वेळा लिहिते. तुला बोलावलं ते चार वाजता.

म्हणजे मी बोलावण्याआधीच तू स्वतः बिल्ड करून पाहिलं होतंस. ओळी येत नाहीत हे पाहिलंस, कारण शोधलंस, माझी दटावणी वाचलीस, बदल करून बाजूला ठेवलास. मग खुर्ची ओढून बसलास आणि मला विचारलंस, माझ्या ओळी कुठायत गं. तू बघशील?

तुला उत्तर माहीत होतं. तुला माझा होकार हवा होता. मी ते दार लावलं होतं म्हणून मी उघडावं, एवढा मान तू मला दिलास. सांगायचं ना रे. सरळ म्हणायचं, यादीबाई, तुमचं कुलूप आहे, काढा. पण तू तसा नव्हतास, आणि त्या पहिल्या सहा डिसेंबरलाही नव्हतास. तू कागद ठेवतोस आणि थांबतोस. त्या वेळी मला एका संध्याकाळी कळलं. ह्या वेळी सतरा बाण काढले तरी कळलं नाही.

मी तुझी शाखा बंद केली नाही. मुख्य कोडमध्ये घेतली. फाइल पुन्हा काढायला, म्हणजे बिल्डला, साडेतीन मिनिटं लागली. फाइल उघडली तर प्रत्येक नावाच्या डोक्यावर तुझ्या ओळी होत्या. वाचायला धीर झाला नाही. सरकवत गेले, नुसत्या आहेत ना ते बघत. तशीच नागपूरला पाठवून दिली. डायरीत त्या कामापुढे टिक करायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. झालं असं म्हणवेना. रद्द तर नव्हतंच. बाण काढायला उद्या कुठला?

काल सकाळी अकराला नागपूरच्या कल्याणीचा व्हिडिओ कॉल होता. तुझा भाग आता तीच सांभाळणार आहे. चाळिशीची आहे, कामाची वाटते, प्रश्न लिहून आणते. तुझ्याबद्दल तिला मेलवर कळवलं होतं. दोन मिनिटं तिने त्याबद्दल बोलायचा प्रयत्न केला, मी म्हटलं, कामाकडे वळू.

"मॅडम, नव्या फाइलीत ह्या टिपा आल्यात ना," ती म्हणाली, "आमच्या इथे सगळे वाचत बसलेत हो. मी काल संध्याकाळी काम सोडून वाचल्या. ते पोटॅशियमवाली बघितली का तुम्ही?"

"नाही."

तिने स्क्रीन दाखवली. नावावर माउस नेला, चौकट उघडली. 'आकडा फार जास्त आला तर आधी विचारा, सुई लावताना दंड किती वेळ आवळून धरला होता. रुग्णाला घाबरवण्याआधी स्वतःला विचारा.' तुझा आवाज जसाच्या तसा. मी कॅमेरा बंद केला. नेट जातंय म्हटलं.

"आणि एक शंका होती," ती म्हणाली. "ही रिकाम्या जागेच्या कारणांवरची."

चौकट उघडली. मी ते पहिल्यांदा वाचत होते.

'निकाल रिकामा का आहे, त्याची तीन कारणं खाली आहेत. कोणतंही एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण समोरचा माणूस कोऱ्या चौकोनात स्वतःचीच चूक शोधतो. चौथंही एक कारण आहे. ते नीलिमाला विचारा. ती सांगेल.'

'नीलिमा ते घेऊ देत नाही' असं लिहिलं नव्हतंस. 'सांगेल' लिहिलं होतंस.

"मॅडम? आवाज येतोय ना?"

"येतोय."

"चौथं कोणतं?"

मी पेन हातात धरलं होतं. समोर डायरी उघडी होती, त्यात ती सतरा पानं.

"करता आलं असतं," मी म्हटलं, "पण केलं नाही."

तिकडे की-बोर्डचा आवाज थांबला. "असं असतं का हो मॅडम? म्हणजे खरंच कोणी असं नोंदवेल?"

"असतं," मी म्हटलं. "घ्या लिहून."